आधी कॅरिअर बघा, मग बॅग: सायकलवरून ऑफिसचं सामान नेण्याबद्दल

तुम्ही विचारलंय की कोथरूडहून हिंजवडी फेज १ ला सायकलने जायला लागलोय, हायब्रिड सायकल आहे, मागे कॅरिअर नाही, १५ इंची लॅपटॉप, चार्जर, डबा, पाणी, बदलायचे कपडे, बूट सगळं पाठीवरच्या सॅकमध्ये असतं, मान-खांदे भरून येतात, पाठ घामाने चिंब होते, आणि आता पावसाळा तोंडावर आलाय तर चांगली वॉटरप्रूफ सॅक घ्यावी का पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या बॅगा) घ्यावेत. मी यूपीएस-इन्व्हर्टर दुरुस्तीची कामं करतो, चिंचवड-भोसरीपासून पेठांपर्यंत गिऱ्हाइकांकडे सायकलनेच जातो, बरीच वर्षं झाली, आणि माझ्याकडे लॅपटॉपच्या जोडीला हत्यारं आणि कधीकधी बॅटऱ्या पण असतात. त्यामुळे या विषयावर जरा सविस्तरच लिहितो.

सरळ उत्तर आधी. एवढ्या अंतराला एवढं सामान पाठीवर नकोच, सॅक कितीही भारी कंपनीची असू दे. हायब्रिडवर आपण थोडे पुढे झुकलेले असतो, म्हणजे पाठीवरचे सात-आठ किलो मनगटं, खांदे आणि सीटवरच्या हाडांवर येतात, आणि चालताना जसं वजन पायांवर सरळ उतरतं तसं इथे उतरत नाही. वर चांदणी चौकाच्या चढाला तुम्ही सीटवरून उठून पेडल मारता तेव्हा सॅक डावी-उजवी डुलते आणि प्रत्येक वेळी तिला सावरायला कंबर कामाला लागते. वजन उंचावर असल्यामुळे खड्डा चुकवताना सायकल पण उशिरा वळल्यासारखी वाटते. घामाचं म्हणाल तर जाळीवाल्या, पाठीपासून लांब राहणाऱ्या सॅक मिळतात, थोडा फरक पडतो, पण एप्रिल-मेमध्ये पुण्यात त्याचाही फार उपयोग नाही. तेच सामान मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली लटकवलं की अंग मोकळं. आपले दूधवाले किटल्या कुठे अडकवतात बघा, कॅरिअरच्या दोन बाजूंना, खाली, एक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) जवळ. पॅनिअर म्हणजे तेच, फक्त किटलीच्या जागी बॅग.

सॅक चालते कधी तर अंतर चार-पाच किलोमीटर असेल, सामान तीन किलोच्या आत असेल, किंवा सायकल कार्बनची रोडबाइक असेल जिला कॅरिअर लावायची सोयच नाही. तुमचं यातलं काहीच नाही.

आता बहुतेक लोक काय करतात, तर आधी बॅग पसंत करतात. फोटो बघतात, लिटर बघतात, रंग बघतात, आणि मग बॅग घरी आली की तिच्यासाठी मिळेल ते कॅरिअर लावतात. उलटं करा. बॅग कितीही मजबूत असली तरी ती ज्याला लटकते ते हललं तर सगळंच हलतं, लॅपटॉप पण, सायकल पण. पैसे कमी असतील तर कॅरिअर चांगलं घ्या आणि बॅग साधी घ्या.

तुमच्या सायकलवर बघा, मागच्या एक्सलच्या जरा वर फ्रेमला दोन्ही बाजूंना आटे असलेली छोटी भोकं आहेत का, आणि वर सीटच्या खाली जिथे मागचे दोन बारीक पाइप एकत्र येतात तिथे अजून दोन आहेत का. बहुतेक हायब्रिडला असतात. ही चार भोकं असली की काम सोपं, चारही ठिकाणी बोल्टने बसणारं अॅल्युमिनियमचं किंवा स्टीलचं कॅरिअर घ्यायचं. चांगल्या कॅरिअरवर कमाल वजन कोरलेलं असतं, बऱ्याचदा २५ किलो, तुम्हाला तेवढं कधीच लागणार नाही पण त्या मापाचं कॅरिअर सहा-सात किलोला अजिबात डुलत नाही, मुद्दा तो आहे. वरची दोन भोकं नसतील तर सीटपोस्टला (सीटच्या दांड्याला) धरणारा, कॅरिअरसाठी भोकं असलेला क्लॅम्प मिळतो, किंवा पाइपला गुंडाळायचे रबर लावलेले गोल क्लिप मिळतात, ते पण चालतात. जे नुसतं सीटपोस्टला एका क्लॅम्पने धरलेलं, मागे हवेत तरंगणारं कॅरिअर असतं ना, ते मात्र रोजच्या ऑफिसच्या सामानासाठी घेऊ नका. खड्ड्यात आपटून ते हळूहळू एका बाजूला फिरतं, बाजूच्या बॅगांना खालून आधार नसतो, आणि बॅग स्पोकमध्ये जाऊ शकते. कार्बनच्या सीटपोस्टवर तर लावूच नका.

डिस्क ब्रेक असेल तर दुकानात आधी सांगा. काही फ्रेममध्ये मागचा कॅलिपर (ब्रेकचा डिस्कला दाबणारा भाग) नेमका तिथेच असतो जिथून कॅरिअरचा पाय जातो. डिस्कसाठी वेगळी कॅरिअर असतात, पाय जरा बाहेरून वळवलेला असतो. नेहमीचं कॅरिअर घेऊन मध्ये चार-पाच वॉशर घालून बाहेर ढकलायचा जुगाड करतात तो टाळा, कारण बोल्ट जितका जास्त बाहेर तितका त्याच्यावर वाकवणारा जोर जास्त, आणि तुटला की फ्रेमच्या आत तुटतो, मग तो काढायला ड्रिल मारावं लागतं.

बोल्टबद्दल अजून थोडं, कारण सगळी दुखणी इथून सुरू होतात. हे बोल्ट बहुतेक एम-५ असतात, डोक्यात ४ नंबरची अॅलन की बसते. उजव्या बाजूचा खालचा बोल्ट जास्त लांब असेल तर तो फ्रेमच्या आतल्या बाजूने बाहेर येतो आणि चेन सगळ्यात लहान दातऱ्यावर गेली की तिला घासतो. दुकानातून निघायच्या आधी गिअर शेवटच्या लहान दातऱ्यावर टाकून हाताने पेडल फिरवून बघा, खर्र आवाज आला तर तिथल्या तिथे छोटा बोल्ट लावून घ्या. आट्यांना निळं थ्रेडलॉकर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा डिंक) लावायला सांगा, लाल नको, लाल लावलं की नंतर उघडताना गरम करावं लागतं. पहिल्या आठवड्यात रस्त्याचे धक्के बसून बोल्ट एकदा तरी थोडे ढिले होतात, तेव्हा परत आवळा, मग महिन्यातून एकदा बघितलं तरी पुरतं. आणि टूल किटमध्ये दोन जादाचे एम-५ बोल्ट आणि चार-सहा झिप टाय टाकून ठेवा. रस्त्यात बोल्ट पडला तर झिप टायने ऑफिसपर्यंत आरामात जाता येतं.

आता बॅग. पॅनिअरचे हूक आणि तुमच्या कॅरिअरचा पाइप यांचा मेळ बसला पाहिजे. चांगल्या पॅनिअरच्या हुकात घालायला प्लॅस्टिकचे छोटे तुकडे येतात, पाइप बारीक असेल तर ते बसवायचे म्हणजे खडखड होत नाही. ते नसतील तर जुनी सायकलची ट्यूब कापून पाइपला दोन वेढे गुंडाळा, वरून चिकटपट्टी. हे नुसतं आवाजासाठी नाही, ढिला हूक रोज घासून पाइपचा रंग आणि मग धातू खातो. दुसरी गोष्ट, खाली एक हूक किंवा पट्टी असते जी कॅरिअरच्या पायात अडकते. ती नसलेली बॅग घेऊ नका. स्पीडब्रेकरवरून गेल्यावर बॅग वर उडते आणि वरचा हूक साधा उघडा असेल तर सरळ रस्त्यावर. वरचे हूक आपोआप लॉक होणारे आणि हँडल ओढल्यावर उघडणारे असतील तर सगळ्यात छान, कारण रोज दोनदा काढ-घाल करायचीय.

जर्मनीच्या ऑर्टलीबचे पॅनिअर जगभर नावाजलेले आहेत, तोंड गुंडाळून बंद करायचे, शिवणीऐवजी वेल्ड केलेले, जोडीचे मिळून ४० लिटर, आणि वर्षानुवर्षं टिकतात, पण आपल्याकडे महाग पडतात. डिकॅथलॉनमध्ये बऱ्यापैकी मिळतात. देशी बॅगा पण आहेत, त्यात मी फक्त तीन गोष्टी बघतो, मागची पाटी कडक आहे का, हूक रिव्हेट केलेत का बोल्टने लावलेत (बोल्ट बरे, बदलता येतात) आणि खालचा हूक आहे का. कापड किती जाड आहे हे नंतर.

दुकानात जाताना लॅपटॉप स्लीव्हसकट घेऊन जा. १५.६ इंची लॅपटॉप साधारण ३६ सेंटिमीटर लांब आणि २४-२५ रुंद असतो, बरेच पॅनिअर खाली निमुळते असतात, त्यामुळे लिटर भरपूर असूनही लॅपटॉप तळापर्यंत जात नाही आणि तोंड बंद होत नाही. उभा घालून बघा. मग सायकलवर बॅग लावून, ज्या बुटात सायकल चालवता तेच बूट घालून पेडल उलटं फिरवा आणि टाच बॅगेला लागते का बघा. पाय मोठा असेल तर हमखास लागते. बहुतेक बॅगांचे हूक रुळावर मागे-पुढे सरकतात, ते पुढे सरकवले की बॅग मागे जाते. पण अगदी शेवटपर्यंत मागे ढकलली की वजन एक्सलच्या मागे जातं आणि चढावर पुढचं चाक हलकं वाटायला लागतं, म्हणून टाच सुटेल एवढीच मागे न्या.

एक बॅग का दोन? रोजचं सामान पाच-सहा किलोच्या आत आणलंत (कसं ते पुढे सांगतो) तर एकाच बॅगेत चालतं. पहिल्या दिवशी सायकल एका बाजूला ओढतेय असं वाटतं, मग सवय होते. एकच असेल तर डाव्या बाजूला लावा, उजवीकडे चेन आणि तिचं काळं तेल असतं आणि आपली ट्रॅफिकही उजवीकडूनच जाते. फक्त एक अडचण, साइडस्टँड पण डावीकडेच असतो आणि सायकल तिकडेच कललेली असते, म्हणून भरलेली बॅग लावून स्टँडवर सोडून जाऊ नका, पडते. भिंतीला टेकवा किंवा आधी बॅग काढा. पुढेमागे दोन पायांचा मधला स्टँड लावून घेतलात तर ही कटकट संपते. सात किलोच्या वर गेलं की मात्र दोन बॅगा, वजन साधारण सारखं वाटून.

लॅपटॉपची सगळ्यांना भीती वाटते, आणि ती थोडी बरोबर थोडी चूक आहे. आत एसएसडी असेल तर तिच्यात फिरणारं काही नसतं, रस्त्याच्या थरथरीने तिला काही होत नाही. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्डडिस्क असेल तर पूर्ण बंद करूनच न्या. खरं नुकसान होतं ते दाबाने. चार्जरचा ठोकळा, डब्याची कड किंवा माऊस लॅपटॉपच्या झाकणावर टेकलेला असतो आणि दहा-पंधरा किलोमीटर तिथेच ठोकत राहतो, स्क्रीन आतून फुटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून लॅपटॉप कॅरिअरच्या बाजूला, कडक पाटीला चिकटून, त्याचा तळ पाटीकडे आणि झाकण आतल्या बाजूला, आणि झाकणाला लागून कपडे. सायकल पडली तर बॅगेची बाहेरची बाजू आपटते, तेव्हा मध्ये कपड्यांची गादी असते. तळाशी दोन-तीन सेंटिमीटर जाड फोम कापून कायमचा बसवा, कारण सगळ्यात जोराचा धक्का रस्त्यावर नाही तर ऑफिसात बॅग जमिनीवर ठेवताना बसतो. आणि नुसतं झाकण मिटून स्लीपमध्ये नेऊ नका, बंद करा किंवा हायबरनेट करा. स्लीपमधला लॅपटॉप बऱ्याचदा मधेच जागा होतो आणि बंद बॅगेत तापत राहतो, उन्हाळ्यात तर फारच.

डबा. रस्सा-आमटी न्यायचीच असेल तर सिलिकॉनच्या रिंगचा, चारी बाजूंनी क्लिप लागणारा डबा घ्या आणि तरीही तो लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नका. दोन बॅगा असतील तर दुसऱ्या बॅगेत, एकच असेल तर कॅरिअरवर वरती छोट्या वेगळ्या पिशवीत, आडवी पट्टी मारून. स्टीलचा डबा नॅपकिनात घट्ट बांधला की खडखडत नाही आणि जेवताना नॅपकिनही हाताशी असतो. ताक-दही मे महिन्यात नेऊ नकाच, काळी बॅग उन्हात उभी राहिली की आत प्रचंड तापते. पोहोचल्यावर बॅग सायकलवर ठेवून कुठे जायचं नाही, डब्यासाठी पण आणि लॅपटॉपच्या बॅटरीसाठी पण.

ज्यांच्याकडे हत्यारं असतात त्यांच्यासाठी इथे थोडं थांबतो, कारण इलेक्ट्रिशियन, एसी दुरुस्तीवाले, फिजिओथेरपिस्ट असे कामाला सायकल वापरणारे बरेच आहेत आणि त्यांच्या सामानाबद्दल कोणी लिहीत नाही. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, क्रिंपिंग टूल सुटं बॅगेत टाकलं की टोकं एक महिन्यात कापडातून बाहेर. जाड कॅनव्हासची कप्पेवाली गुंडाळी शिवून घ्या, कुठलाही सॅक-बॅग शिवणारा करून देतो, हत्यारं त्यात गुंडाळून, बांधून, बॅगेच्या तळाशी, एक्सलच्या बाजूला. मल्टिमीटर आणि क्लॅम्पमीटर आपापल्या पाऊचमध्ये, वरती, मऊ वस्तूंच्या मध्ये, आणि प्रोबच्या टोकांना टोप्या. सोल्डरिंग आयर्न पूर्ण गार झाल्याशिवाय आत घालायचं नाही, घाई असली तरी. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी सव्वादोन किलोच्या आसपास असते, दोन न्यायच्या असतील तर एक डावीकडे एक उजवीकडे, आणि टर्मिनलवर चिकटपट्टी लावल्याशिवाय कधीही बॅगेत घालू नका. पाना किंवा पक्कड दोन टर्मिनलवर आडवी पडली तर शॉर्ट होऊन क्षणात लालभडक तापते, बॅग पेट घेऊ शकते. हे मी प्रत्येक नव्या पोराला बजावून सांगतो.

आता तुमच्या वजनाचा हिशोब मांडू. लॅपटॉप २ किलो, चार्जर अर्धा, भरलेला डबा सव्वा, एक लिटर पाणी १, कपडे १, बूट १, कुलूप सव्वा, रेनकोट अर्धा. झाले साडेआठ. यातलं रोज न्यायलाच हवं असं काय आहे? दुसरा चार्जर घेऊन ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. बूट ऑफिसातच ठेवा. जड कुलूप तर पार्किंगच्या रेलिंगलाच लावून या, घरी कशाला आणायचं, वाटेत थांबण्यापुरती एक हलकी केबल जवळ असू द्या. पाणी अर्धा लिटर पुरे, आणि ती बाटली बॅगेत नको, फ्रेमवरच्या पिंजऱ्यात. राहिले साधारण पाच किलो, आणि तेही पाठीवर नाहीत. चार्जरला पैसे लागतात, मान्य, पण या एका खर्चाने रोजचा जितका त्रास वाचतो तितका महागड्या बॅगेने वाचत नाही असं माझं मत आहे.

कपड्यांचं पण तसंच, सोमवारी किंवा ज्या दिवशी बसने जाल त्या दिवशी तीन-चार शर्ट एकदम नेऊन ठेवा, ऑफिसच्या जवळपास इस्त्रीवाला असतोच, त्याच्याकडे लावून टाका. रोज न्यायचेच असतील तर शर्ट प्लॅस्टिकच्या कडक फाइलभोवती घडी घालून, पँट लांबीत घडी घालून गुंडाळी करून. कुर्त्याचंही तेच. ओढणी मात्र सायकल चालवताना अंगावर नकोच, बॅगेत घाला, ती मागच्या चाकात किंवा चेनमध्ये जाऊन वाईट अपघात होतात. घामाचे कपडे वेगळ्या पिशवीत, आणि घरी आल्यावर लगेच बाहेर काढा, बॅग रात्रभर उघडी ठेवा. पॅनिअरला एकदा वास धरला की जाता जात नाही.

पाऊस. सॅकवर घालायचं जे रेनकव्हर असतं ते पुढून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच असते, आणि मानेवरून उतरणारं पाणी बरोबर तिथून आत जातं. जून ते सप्टेंबर असंच सगळे लॅपटॉप भिजतात. तोंड गुंडाळायचा पॅनिअर असेल तर तीन-चार वेढे झाले पाहिजेत, एकदाच दुमडून क्लिप लावली तर पाणी आत येतं, म्हणून बॅग गळ्यापर्यंत ठासून भरू नका. शिवणीची बॅग असेल तर कंपनी काहीही म्हणो, शिवणीतून आणि हुकाच्या बोल्टच्या भोकांतून पाणी येतंच, त्यासाठी आत मोठी जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी घाला आणि तिचं तोंड पिळून दुमडून बंद करा. साधा उपाय आहे पण पक्का आहे, मी लॅपटॉप वॉटरप्रूफ बॅगेत असला तरी आतून ही पिशवी घालतोच. उलटी गोष्ट पण लक्षात ठेवा, वॉटरप्रूफ बॅगेत पाणी जात नाही तसं आत गेलेलं बाहेरही येत नाही, म्हणून ओला रेनकोट आत कोंबू नका, वर कॅरिअरवर पट्टीखाली अडकवा. आणि मडगार्ड लावा, पूर्ण लांबीचे, दोन्ही चाकांना. वरून पडणाऱ्या पावसापेक्षा मागच्या चाकाने उडवलेला चिखल बॅगेची जास्त वाट लावतो, आणि तुमच्या पाठीची पण. कॅरिअर बसवताना मडगार्ड त्याच वेळी बसवून घ्या, दोघांचे पाय बऱ्याचदा एकाच भोकाला लागतात, दुकानदाराला मग थोडा लांब बोल्ट लावावा लागतो.

एक जण म्हणाला की मुंबईचे डबेवाले हँडलला एवढे डबे लटकवतात, मग आपण एक पिशवी लटकवली तर काय झालं. त्यांची सायकल जड, चाल हळू, स्टेशनपासून ऑफिसपर्यंतचं अंतर, आणि सराव आयुष्यभराचा. तुम्ही हायवेच्या सर्व्हिस रोडने उतारावर येणार. हँडलला लटकलेली पिशवी झोका खाऊन पुढच्या स्पोकमध्ये गेली की चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस हँडलवरून पुढे पडतो. याला अपवाद नाही, अर्धा किलो भाजी असली तरी ती मागे ठेवा. तसंच बॅगांच्या लोंबणाऱ्या पट्ट्या, कापून किंवा रबराने बांधून टाका. हूकवाली रबरी दोरी वापरत असाल तर ती ताणताना तोंड बाजूला ठेवा, सुटली तर हूक सरळ डोळ्यावर येतो. वरच्या सामानासाठी मला जुनी ट्यूब कापून केलेली पट्टीच आवडते, हूकच नाही तर सुटायचा प्रश्न नाही आणि पकड पण चांगली.

सामान लावलं की मागच्या चाकात हवा थोडी जास्त ठेवा, टायरवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या आत. ब्रेक थोडा आधी धरा. सीटपोस्टवरचा मागचा लाल लाइट वरच्या पिशवीमुळे झाकला जातो, तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावून घ्या, बहुतेक कॅरिअरला तिथे भोकं असतात. गर्दीतून जाताना बॅगा रुंद वाटतात पण दोन पॅनिअर मिळून साधारण अर्धा मीटर होतात आणि तुमचं हँडल त्यापेक्षा रुंद असतं, म्हणजे हँडल गेलं की बॅगा जातात. निघायच्या आधी मी एक करतो, मागचं चाक वीतभर उचलून खाली सोडतो आणि ऐकतो. नुसता टायरचा धप्प आवाज आला तर ठीक, काही खडखडलं तर ते शोधूनच निघायचं.

खरेदी या क्रमाने करा: कॅरिअर आणि मडगार्ड एकदम, मग एक पॅनिअर डावीकडचा, मग दुसरा चार्जर. दुसरा पॅनिअर दोन महिन्यांनी लागलाच तर घ्या. बसवून झालं की पहिल्याच दिवशी लॅपटॉप घालून हिंजवडीला जाऊ नका. रविवारी सकाळी बॅगेत पाच किलो तांदूळ घालून चांदणी चौक चढून बावधनपर्यंत जाऊन या, येताना उताराला हँडल थरथरतं का बघा. थरथरलं तर वजन थोडं पुढे आणि खाली घ्या आणि कॅरिअरचे चारही बोल्ट तपासा. घरी आल्यावर टाचेचे डाग बॅगेवर पडलेत का तेही बघा.

आणि दुकानात जायच्या आधी तुमच्या मागच्या चाकाचे दोन फोटो टाका, एक डाव्या बाजूने (डिस्क असेल तर ती दिसेल असा) जवळून आणि एक मागून सीटखालचा, म्हणजे कुठल्या प्रकारचं कॅरिअर बसेल ते मला सांगता येईल.